पाणलोट

रायपूरच्या रेल्वेस्थानकामागे, रुळांच्या पलीकडे गुढियारी नावाची वस्ती आहे. तिच्यातल्या एका चौकाला पहाडी चौक म्हणतात आणि जवळच्या तळ्यालाही तेच नाव आहे. पहाड मात्र तेथे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवरचे हे मैदान इतके सपाट आहे, की रेल्वेखालच्या अंडरब्रिजातून बाहेर पडताना जो चढ लागतो तोच गुढियारीच्या सायकलस्वाराला दिवसातला पहिला आणि बहुधा शेवटचा चढ. चढाची खरी परीक्षा घेणारा घाट हवा असेल तर दक्षिणेला दीडशे किलोमीटरांहून अधिक जावे लागते. छत्तीसगढचे मैदान संपते आणि बस्तरचे पठार सुरू होते तेथे केशकालचा घाट आहे.

गुढियारीच्या बाजारातल्या एका धान्याच्या आडतीत हिशेब लिहिणारा, पन्नाशी ओलांडलेला एक मराठी गृहस्थ दर रविवारी पहाटे या अंडरब्रिजातून बाहेर पडतो. दिवसभर तांदळाच्या पोत्यांचे आकडे मांडणाऱ्या माणसाला सायकलचे वेड लागावे, यात नवल काहीच नाही. अंतर, वेळ, उरलेले पाणी आणि पुढचा मुक्काम यांचा हिशेब सायकलवरही चालूच असतो. मधली काही वर्षे तो ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या मोहिमांतही भाग घेत असे. मूळच्या फ्रेंच असलेल्या या खेळात स्पर्धा नसते, केवळ मुदत असते. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत पुरे करायचे. वाटेतल्या ठरलेल्या ठाण्यांवर कार्डावर वेळ नोंदवायची. पहिला कोण आला याची नोंद कोणी ठेवत नाही. या घड्याळाने त्याला वेगापेक्षा धिमेपणाच अधिक शिकवला. शेवटी त्याने कार्ड घेणे सोडले आणि रस्ते तेवढे ठेवले.

ते रस्ते सगळे नदीचेच आहेत. पश्चिमेला महादेवघाटाची खारून, ती पुढे शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. पूर्वेला आरंग ओलांडले, की महानदीचे रुंद वाळवंट आणि त्यापलीकडे सिरपूर. तेथले सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मणमंदिर सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे आणि दुपारचे ऊन चढण्याआधी परत फिरावे, हा हिवाळ्यातला बेत. आग्नेयेला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर राजीम. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमात, नदीच्या ऐन पात्रात कुलेश्वराचे देऊळ उभे आहे. उन्हाळ्यात वाळूतून चालत जाता येते, पावसाळ्यात काठावरून हात जोडायचे. येथून खाली याच महानदीला चित्रोत्पला म्हणतात.

पण त्याच्या मनातला रस्ता दक्षिणेचाच. माना, अभनपूर, कुरूद, धमतरी. याच रस्त्याच्या सोबतीने १९०० सालापासून अरुंद मापाची एक लहानशी आगगाडी रायपूरहून धमतरीला जात असे आणि अभनपूरहून तिचा एक फाटा राजीमला फुटत असे. तिचा वेग असा, की बरा सायकलस्वार काही अंतर तिच्या बरोबरीने जाऊ शके. रायपूर शहरातल्या तिच्या वाटेवर आता मोटारींचा जलदगती रस्ता आहे आणि अभनपूरपर्यंत रुंद मापाची गाडी २०२५ साली नव्या मार्गाने सुरू झाली. जुन्या गाडीबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. तिच्यातून प्रवास करणाऱ्यांना नवी गाडीच हवी होती. तरीही एखादा रस्ता आपल्या वेगाच्या सोबत्याला मुकला, की सायकलस्वाराच्या लक्षात येते ते रेल्वेच्या अधिकाऱ्याच्या येत नाही.

धमतरीच्या पुढे दोन वाटा फुटतात. एक डावीकडे, कुकरेलवरून नगरी-सिहाव्याकडे, सालाच्या जंगलातून. सिहाव्याजवळ फरसिया गावी महानदीचा उगम मानतात. शृंगी ऋषींच्या कमंडलूतले पाणी सांडले आणि नदी झाली, ती आधी भलत्याच दिशेला धावली आणि मग वळली, अशी तिकडची कथा आहे. नकाशातही ती उगमापासून आधी पश्चिमेकडे जाऊन मग उत्तरेला वळलेली दिसते. सुमारे साडेआठशे किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचा उगम जेमतेम चारशे चाळीस मीटर उंचीवर आहे. म्हणजे रायपूरपासून उगमापर्यंत चढ उणापुरा दीडशे मीटरांचा, आणि तोही दीडशे किलोमीटरांत पसरलेला. असा चढ डोळ्यांना दिसत नाही. मांड्यांना मात्र कळतो: उगमाकडे जाताना सगळा दिवस काहीतरी अडल्यासारखे वाटते आणि परतताना सायकल कोणी मागून हलक्या हाताने ढकलावी तशी चालते.

नगरीच्या वाटेने न जाता गंगरेलकडे वळले, तर महानदीवरचे रविशंकर सागर धरण लागते. एकोणीसशे सत्तरच्या दशकात ते बांधले गेले तेव्हा पन्नासाहून अधिक गावे पाण्याखाली गेली. बुडालेल्या भागातली अंगारमोती देवी तेव्हा काठावर आणून बसवली. लोक आता तेथे येतात, नवस बोलतात, दिवाळीनंतरच्या मेळ्याला गर्दी करतात. देवी हलवता आली. तिच्या गावाकडे जाणारी वाट हलवता आली नाही. ती पाण्याखालीच आहे.

दुसरी वाट सरळ जाते: चारामा, कांकेर, आणि मग केशकाल. ती त्याने वर्षानुवर्षे राखून ठेवली होती. अखेर ज्या कारणाने तो त्या वाटेने गेला, त्याचा सायकलशी संबंध नव्हता.

रायपुरात मराठी भाषा नवी नाही. नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४१ साली छत्तीसगढात उतरला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरी राहून कारभार पाहू लागले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. शहरातला तात्यापारा अजून त्या काळाची आठवण देतो. माधवराव सप्रे येथलेच. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या या माणसाचे नाव हिंदी गद्याच्या इतिहासात आहे. मराठीच्या इतिहासात ते क्वचितच येते. पश्चिमेला सत्तर किलोमीटरांवरच्या राजनांदगावात घरात मराठी बोलणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत होते, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र नागपुरात मराठीत. अशा माणसांना आपले वाङ्मयेतिहास ‘सेतू’ म्हणून मोकळे होतात. शब्द सोयीचा आहे. पण सेतू दोन काठांवर उभा असतो आणि मध्ये पाणी असते, ही जी त्यातली कल्पना, ती या प्रदेशाला फारशी लागू पडत नाही. येथे काठ कोठे संपतो तेच सांगता येत नाही.

गुढियारीतले हे घराणे सप्रे-लाखे यांच्या थोर परंपरेतले नव्हे. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि रुळांच्या पलीकडे, भाडे कमी म्हणून, गुढियारीत राहिले. आई वर्धा नदीकाठच्या पुलगावची. तिची मराठी त्या मुलखाची: ‘पानी’, ‘कोन’, ‘माहा’, ‘कुठी’. लहानपणी तिच्या मुलाची तीच भाषा होती. नऊ-दहा वर्षांचा असताना शहरातल्या एका मराठी घरच्या गणपतीत त्याने आरतीनंतर पाणी मागितले, ते ‘पानी’ म्हणून. जमलेल्या मंडळींत हशा पिकला. कोणी प्रेमाने त्याची हनुवटी धरून तो शब्द दोनदा सुधारून घेतला. हसणारांच्या मनात काही वाईट नव्हते आणि मुलगाही रडला वगैरे नाही. एवढेच झाले, की त्यानंतर तो घराबाहेर मराठी बोलेनासा झाला. हिंदीत ‘पानी’ला कोणी हसत नव्हते. पुढे घरातही तो आईला हिंदीतच उत्तरे देऊ लागला. आई मराठीत विचारी, तो हिंदीत सांगे. चाळीस वर्षे दोघांचे काहीही अडले नाही. शुद्धतेच्या आग्रहाने भाषा टिकते असे मानणाऱ्यांनी कधीतरी असल्या घरांचीही मोजदाद करावी.

अडले ते आई ऐंशीची झाल्यावर. तिची स्मृती उतरू लागली, आणि उतरताना तिने साठ वर्षे बाजारात, शेजारात, नातवंडांशी वापरलेली हिंदी आधी नेली. छत्तीसगढीही गेली. मागे राहिली ती पुलगावची मराठी, लग्नाआधीची. सून दुर्गची, हिंदी बोलणारी. नातवंडांना मराठी येत नव्हती. मुलगा समजत असे सगळे, पण उत्तर द्यायला तोंड उघडले की वाक्य हिंदीचेच निघे, आणि ते आईला आता परक्याचे वाटे. ती त्याच्याकडे पाही, मग दाराकडे पाही, आणि ‘कोन हाय?’ असे विचारी. हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला त्या रात्री तो पहाडी तालाबाच्या काठावर उशिरापर्यंत बसून होता.

मग दिवसभर आईजवळ राहायला एक बाई मिळाल्या. चाळिशीच्या, विधवा, केशकालच्या वरच्या, फरसगावच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. रायपुरात भावाकडे राहत होत्या. त्यांना मराठी येत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. त्यांची घरची भाषा हलबी. पण आठवड्याभरात घरात एक वेगळाच आवाज सुरू झाला. आई विचारी, ‘माहा चष्मा कुठी हाय?’ बाई चष्मा देत आणि काही बोलत. त्यात ‘काय’ येई, ‘तुचो’ येई, ‘मोचो’ येई, आणि आई मान डोलावून पुढचे बोले. दोन्ही बाजूंना निम्मेच कळत असावे. परंतु निम्मे कळल्यावर माणूस थांबतो, पुन्हा विचारतो, हातवारे करतो. सगळे कळते त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. आई त्यांना ‘पोरी’ म्हणू लागली. त्या तिला ‘दाई’ म्हणत. नातवंडांनी या संभाषणाला हसावे असे काही घडले नाही, कारण यात शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे सांगणारे घरात कोणी नव्हते.

अभ्यासकांना यात आश्चर्य वाटणार नाही. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, म्हणजे १९०५ साली निघालेल्या मराठीच्या खंडात, हलबीला जागा दिली होती. षष्ठीचा ‘चो’, भूतकाळातला ‘ल’, प्रश्नार्थक ‘काय’ ही त्याला दिसलेली नाती अजूनही दिसतात. पुढच्या संशोधकांनी तिच्यातले ओडिया आणि छत्तीसगढीचे अंशही दाखवले, आणि ती मराठीची बोली नव्हे, स्वतंत्र भाषा आहे, असे मत पुढे आले. बस्तरच्या संस्थानात निरनिराळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी हलबीतच व्यवहार करीत. अशी भाषा कोणा एकीची लेक ठरत नाही. हा वाद हिशेबनिसाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला ठाऊक होते एवढेच, की दार उघडल्यावर आई आता ‘कोन हाय?’ असे विचारीत नाही.

भाद्रपदात नवाखाई आली. नव्या भाताचा पहिला घास देवाला देऊन घरच्यांबरोबर खायचा, हा त्यांच्याकडचा सण. बाई आठ दिवसांची रजा घेऊन गावी गेल्या. पंधरा दिवस झाले. फोन लागेना. भावाला विचारले, तर तोही शहर सोडून दुसऱ्या कामावर गेलेला. आई रोज संध्याकाळी विचारी, ‘ते पोरगी कुठी गेली?’ आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिने पुन्हा दाराकडे पाहायला सुरुवात केली.

बसने केशकाल पाच-सहा तासांचे आहे. त्याने आडतीतून तीन दिवसांची सुटी घेतली आणि सायकल काढली. बायकोला हे वेडेपण वाटले आणि तिचे काही चुकले नाही. पण बसने गेला असता तर काय विचारायचे ते ठरण्याआधीच तो पोहोचला असता. परत या, असे म्हणायचे? जास्त पगार देतो म्हणायचे? भाताची कापणी तोंडावर आली असताना, स्वतःचे शेत असलेल्या बाईला? एकशे ऐंशी किलोमीटरांत कोठेतरी हे ठरेल, अशी त्याची अटकळ होती.

पहिल्या दिवशी कांकेर. धमतरीपर्यंत भाताचीच सोबत. लवकरचा भात पिवळा पडू लागलेला, उशिराचा हिरवा. कुरूद सोडल्यावर कंडेलकडे जाणारी वाट दिसते. १९२० साली याच गावच्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्याचा दंड द्यायला नकार दिला होता आणि त्या वर्षाच्या अखेरीस गांधीजी रायपूर-धमतरीला आले होते. पाण्याचे भांडण या खोऱ्याला नवे नाही. धमतरीच्या पुढे रस्ता हलू लागतो: सपाटी तीच, पण तिच्यात लाटा उठतात. चारामाजवळ महानदी पुन्हा रस्त्याच्या जवळपास येते. येथे ती राजीमसारखी ऐसपैस नाही, पावसाचे गढूळ पाणी घेऊन घाईत असते. कांकेरला दूध नदीच्या काठी, गढिया पहाडाच्या पायथ्याशी तो मुक्कामाला थांबला. एकशे चाळीस किलोमीटर झाले होते. ब्रेव्हेच्या घड्याळाने पाहिले तर फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाट. घाट म्हणजे चार-पाच किलोमीटरांचा चढ आणि एकावर एक रचलेली वळणे. त्यांना बाराभंवर म्हणतात. रायपूरहून जगदलपूरकडे जाणारी सगळी अवजड वाहतूक याच वळणांवरून जाते. पावसाळ्यानंतर डांबर उखडलेले असते, मालमोटारी एकामागे एक अडून उभ्या राहतात, आणि कधी कधी अर्धा दिवस कोणी हलत नाही. या डोंगरातून नव्या विशाखापट्टणम महामार्गासाठी जुळे बोगदे काढले आहेत, ते झाले की घाटावरचा भार कमी होईल. सायकलला मात्र अडलेल्या मालमोटारींसारखा सोबती नाही. त्यांच्या कडेच्या दोन फुटांतून तो वर सरकत राहिला. चौथ्या वळणावर सर्वांत हलका गिअर संपला. पाचव्या वळणावर तो उतरला आणि सायकल हाताने ढकलू लागला. पहाडी चौकात वाढलेल्या माणसाला त्यात कमीपणा वाटू नये, पण थोडा वाटला. एका मालमोटारीच्या चालकाने वरून पाण्याची बाटली पुढे केली. मधल्या वळणावर तेलिन सत्ती मातेचे देऊळ आहे. चालक तेथे थांबतात, नारळ-अगरबत्ती देतात आणि मग पुढचा चढ घेतात. तोही तेथे टेकला. उत्तरेकडे धुक्यातून कांकेरकडचे सखल रान दिसत होते.

घाटमाथा हा नुसता उंचवटा नव्हे, तो पाणलोटाची सीमा आहे. अलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस महानदीला मिळून ओडिशातून बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडे पठारावरचे पाणी इंद्रावतीला मिळते, आणि इंद्रावती महाराष्ट्राच्या कडेने येऊन गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात, सोमनूरजवळ गोदावरीत पडते. त्याच तालुक्यात, थोडे वर, प्राणहिता गोदावरीला मिळते. आणि प्राणहिता म्हणजे वैनगंगा आणि वर्धा. पुलगावच्या पुलाखालचे पाणी आणि या पठारावरच्या खाचरातले पाणी एकाच तालुक्यात एका नदीत एकत्र येते. गुढियारीचे पाणी मात्र त्यात नाही. ते खारूनने दुसरीकडे जाते. नकाशावर हे कोणालाही दिसेल. घाटाच्या माथ्यावर, सायकल भिंतीला टेकवून, शर्ट पिळताना ते दिसले म्हणजे त्याची जात निराळी असते.

केशकालपासून पुढे रस्ता पुन्हा सपाट होतो, फक्त आता सपाटी उंचावर असते आणि हवा थोडी गार. चहाच्या टपरीवर त्याने गावाची वाट विचारली. टपरीवालीने हिंदीत सांगितली आणि मग आत कोणाला तरी हाक मारून काही बोलली. त्यातला ‘काय’ आणि एक ‘गेलो’ त्याच्या कानी पडला. तो चमकून थांबला. घरी आईच्या खोलीतून ऐकलेले सूर येथे रस्त्यावर, बाजारात, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या तोंडी होते. त्याच्या घरात जी भाषा एका म्हातारीपाशी येऊन थांबली होती, तिची ही दूरची नातलग येथे भाजी विकत होती. हिला कोणी वाचवायला निघालेले दिसत नव्हते. बहुधा हिच्यातही शाळेची हिंदी झिरपत असणार. पण तूर्त तिला त्याची फिकीर नव्हती.

बाई घरीच होत्या. सासू नवाखाईच्या दुसऱ्याच दिवशी पडली होती, मांडीचे हाड मोडले होते. जगदलपूरच्या दवाखान्यातून आणून आता खाटेवर होती. फोन त्या गडबडीत पाण्यात पडला. हे सांगताना त्यांनी क्षमा मागितली नाही आणि तसे कारणही नव्हते. सायकल पाहून त्या हसल्या. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दाई जेवते का, हा. दुसरा, ती दाराकडे पाहते का, हा.

ठरवलेला प्रश्न त्याने विचारला नाही. खाटेवरच्या म्हातारीने पाणी मागितले आणि बाई उठून गेल्या, तेव्हाच तो संपला होता. त्याऐवजी त्याने विचारले, की दाईशी त्या नेमके काय बोलत असत. बाईंना प्रश्नच कळेना. काय बोलणार? भात झाला, पाऊस आला, केस विंचरू का. तिला तुमचे कळत होते का? थोडे कळत होते, त्या म्हणाल्या, आणि मलाही तिचे थोडेच कळत होते. मग थोडे थांबून, हिंदीत, जरा संकोचाने म्हणाल्या, ‘भैया, तुम्ही तिच्याशी साहेबाशी बोलावे तसे बोलता. ती घाबरते.’

निघताना त्यांनी नव्या भाताचा कुटलेला चिवडा एका फडक्यात बांधून दिला. पैसे घेतले ते केवळ थकलेल्या पगाराचे, मोजून. त्याने आणखी देऊ केले ते परत केले. सासू चालू लागली तर पौषात येईन, म्हणाल्या; नाही आले तर वाट पाहू नका.

घाट उतरायला चढण्याच्या पाव वेळही लागत नाही, पण हात दुखतात. दोन्ही ब्रेक अर्धे दाबून, ओल्या खडीवरून, वर येणाऱ्या मालमोटारींना बाजू देत तो उतरला. कांकेरची रात्र, मग चारामा, धमतरी. उतार अगदी थोडा आणि मागून वारा. या तासांत तो वाक्ये जुळवीत होता. तोंडाने नव्हे, पायडलच्या फेऱ्यांबरोबर. ‘आई, मी आलो’ हे सोपे होते. ‘ती येणार नाही’ हेही येत होते. ‘तिची सासू पडली’ यात कोठे अडचण नव्हती. पण प्रत्येक वाक्य शुद्ध होऊन, इस्त्री करून येई, गणपतीतल्या त्या मंडळींच्या आवाजात. अभनपूरपर्यंत त्याला त्यातले एकही आपल्या आवाजात म्हणता आले नाही.

संध्याकाळी अंडरब्रिजातून वर येऊन तो घरी पोहोचला. आई खाटेवर बसली होती आणि दाराकडे पाहत होती. त्याने सायकल ओसरीत लावली, हात धुतले, फडके सोडून चिवडा ताटलीत काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने दोन दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावीत राहिली.

‘कुठी गेल्ता?’

‘घाटावर,’ तो म्हणाला. मग त्याला तहान लागल्याचे आठवले, आणि सून आत असल्याने त्याने मोठ्याने पाणी मागितले. मराठीत मागितले; ‘ण’ स्वच्छ, कंठातून काढल्यासारखा.

आई त्याच्याकडे पाहू लागली. तिच्या कपाळावर जी आठी पडली ती त्याने चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

‘पानी म्हन,’ ती म्हणाली.